बाटली

बारदेस्कर सर सोमवारी गेले.
खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंत चुकतं,
किल्ली चहावाल्या दत्तूकडं,
शिट्टी कोर्टाच्या जाळीला अडकवलेली.
दोरी दवानं भिजलेली होती,
म्हणजे रात्रीच कधीतरी.

दुपारी राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत ठरलं,
संध्याकाळी मंगळवार पेठेत,
आणि दिवे लागल्यावर रंकाळ्याच्या भेळगाड्यांवर
कांद्याबरोबर कागदात बांधून मिळायला लागलं:
राजलक्ष्मी साळोखेनं घालवला मास्तर.
"लई माज आलाय तिला.
सव्वीस पॉइंट मारले म्हंजे कोच झाली व्हय?"
"बाटली फेकून मारली म्हणं तोंडावर."
"तोंडावर न्हाई, छातीवर. माझा मेव्हणा हुता तिथं."

मेव्हणा नव्हता तिथं.
मी होतो.

(पुण्याच्या पोरी हसतात आम्हाला,
मुलगी असून आलो-गेलो करता म्हणून.
हसू देत. मी होतो.
बेंचवर, सरांच्या डाव्या हाताला,
सतरा नंबरची कोरडी जर्सी घालून,
तीन वर्षं तिच्या दमण्याची वाट बघत.)

सांगलीबरोबर सेमीफायनल.
चार मिनिटं उरलेली, राजीचा पाचवा फाउल.
ती बाहेर, म्हणजे मी आत.
सरांनी माझ्याकडं बघितलंच नाही.
ते स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होते.
बॉल आपटून गेल्यावर रिंग हलत राहते ना,
तसा हलत होता हात,
फक्त थांबत नव्हता.
राजीनं टोपण काढून बाटली पुढं केली.
"सर, पाणी प्या."
एवढंच.
त्यांना ती धरता आली नाही.
सिमेंटवर पाणी पसरलं,
माझ्या बुटांपर्यंत आलं,
आणि सर उठून पाठमोरे झाले.

लांबच्यांना काय दिसलं असेल
ते मला कळतं.
जवळ बसून मी काय केलं, ते सांगतो.

सोमवारी सकाळी, अजून काहीच ठरलं नव्हतं तेव्हा,
दत्तूनं ग्लास विसळत विचारलं,
"तू हुतीस की बेंचवर. कशावरनं झालं?"
मी म्हणालो, "बाटली पडली."
खोटं नव्हतं.
चहाचा एक घोट घेतला, मग म्हणालो,
"राजीच्या हातातनं."
टपरीवर पाच-सहा जण होते.
मी पैसे दिले, सुटे परत घेतले,
सायकल काढली.
फेकणं, छाती, मेव्हणा,
हे सगळं त्या सुट्या पैशांनंतरचं.

गुरुवारी पावणेसहाला कोर्टावर गेलो.
का गेलो विचारू नका.
बोर्डावर कुणीतरी खडूनं लिहिलं होतं: गद्दार.
राजी एकटी फ्री थ्रो मारत होती,
पुसायच्या भानगडीत न पडता.
बॉल लागून लागून 'ग' निम्मा गेला होता.

"बॉल दे की," ती म्हणाली,
जणू मी रोजच तिथं उभा असतो.
मी दिला. एकोणीस.
परत दिला. वीस.
"तुला काय सांगून गेले का रं सर?"
"न्हाई."
"मला बी न्हाई."
रिंगला लागून बॉल नळापर्यंत गेला. मी आणला.
"आई म्हणती, जाऊन माफी माग.
जाऊ कुठं? पत्ता बी न्हाई."

मग बोर्डाकडं बघतच:
"तू शेजारीच हुतीस. मी काय म्हणालो त्यांना?
खरं सांगू, माझं मलाच आठवंना झालंय.
एवढी माणसं सांगाय लागलीत."

बॉल माझ्या हातात होता.
जुना, दाणे झिजलेला,
घामानं निसटणारा.
जाळीवरची शिट्टी अजून कुणी काढली नव्हती.
तिनं हात पुढं केला होता,
तळवा वर, बोटं पसरून,
त्या दिवशी बाटली देताना होता तसाच.

"एकवीस झाले," मी म्हणालो.

"वीसच," ती म्हणाली.
"मघाचा आत गेला न्हाई."